गुरुवारी दोन ते तीन, सफाई

शिट्टीबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं दोनच उरली होती, नवरा आणि थोरली बहीण. एरवी ते नाव फक्त पगारपत्रकावर दिसायचं. बाकी साऱ्या गावाला त्या शिट्टीबाई. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, केस कायम अर्धे ओले, आणि आवाज असा खणखणीत की शेजारच्या बॅडमिंटन हॉलमध्ये खेळणाऱ्याचा फटका चुकावा. नगरपालिकेच्या क्रीडा संकुलातल्या तलावावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पोहायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना काठावर पळू नका म्हणून झापलं.

आता तुम्ही म्हणाल, तलावावरच्या एका बाईची एवढी काय गोष्ट? आहे. त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट चोरून केली, ती बावीस वर्षं केली, आणि शेवटी त्या चोरीनंच त्यांना गोत्यात आणलं.

ते जुनं संकुल ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दारातून आत आलं की आधी क्लोरीनचा वास यायचा, मग भिंतीवरचं मोठं घड्याळ दिसायचं, ते कायम चार मिनिटं पुढे. डावीकडे खिडकी. खिडकीतून लोखंडी तारेची टोपली मिळायची, तिच्यात कपडे टाकायचे आणि नंबराचा बिल्ला रबरात ओवून मनगटाला बांधायचा. तलावाच्या तळाच्या निळ्या फरश्यांतल्या सतरा फुटल्या होत्या. कुठल्या, ते बाईंना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. वरच्या मजल्यावर टेबल टेनिसची दोन टेबलं होती, त्यातल्या एकाच्या पायाखाली पुठ्ठा. कसलीच ऐट नव्हती, पण सकाळी साडेनऊला उंच खिडक्यांतून ऊन पाण्यावर पडायचं तेव्हा छतभर उजेडाची जाळी हलायची. आलेला माणूस दोन मिनिटं तरी मान वर करून बघत राहायचा. आता तिथं खोटं छत लावलंय, त्यात दिवे आहेत. असो.

बाई मुळात लागल्या त्या खिडकीवर. पोहणं त्यांना येतही नव्हतं. नोकरी लागून दोन महिने झाले आणि तेव्हाच्या व्यवस्थापकांनी, मोठे साहेब म्हणायचे त्यांना, विचारलं की तलावावर बसून बुडणाऱ्याचे कपडे सांभाळायला लाज नाही वाटत? बाईंना ते लागलं. त्याच उन्हाळ्यात त्या शिकल्या, पुढच्या वर्षी परीक्षा देऊन जीवरक्षक झाल्या आणि त्यानंतर शिट्टी गळ्यातून उतरली ती फक्त झोपताना. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याला घोटाभर पाण्याचीही धास्ती. अगं, एवढ्या गावाला शिकवतेस, मला काठावर बसू दे, म्हणायचा. त्याला शिकवणं काही त्यांना जमलं नाही, आणि त्यावरून घरात कायम चेष्टा चालायची.

टायपिस्टताई आल्या त्या बाईंच्या नोकरीच्या नवव्या वर्षी. कचेरीत टायपिंग करायच्या, बाईंपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. लागोपाठ चार दिवस खिडकीशी आल्या, तिकिटाचे दर वाचून परत गेल्या. पाचव्या दिवशी बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दर पाठ झाले असतील तर आता आत या. तेव्हा ताईंनी त्यांना बाजूला नेलं आणि सांगितलं. लहानपणी पाठीवर उकळतं पाणी सांडलं होतं. मानेपासून कमरेपर्यंत कातडी ओढल्यासारखी झाली होती, खांदा आखडायचा. डॉक्टर म्हणाले होते पोहा. पण पोहण्याचा पोशाख घालून बदलण्याच्या खोलीपासून पाण्यापर्यंत ती वीस पावलं सगळ्यांसमोर चालायची, ते काही त्यांच्यानं होणार नव्हतं.

बाईंनी डोकं चालवलं. गुरुवारी दुपारी दोन ते तीन तलाव रिकामा असायचा. शाळा सुटलेल्या नसत, कचेऱ्या चालू असत. ताईंना त्या वेळात सुट्टी घेता येण्यासारखी होती. बाईंनी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, एका माणसासाठी तलाव बंद ठेवला असं मला लिहिता येणार नाही, वरून विचारणा होईल. मग थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत बसले आणि म्हणाले, सफाई म्हणून लिहा. सफाईला तलाव बंद ठेवावाच लागतो.

त्या गुरुवारी बाईंनी नोंदवहीत सुंदर अक्षरात लिहिलं: दोन ते तीन, सफाई. उपस्थिती शून्य. दारावर पाटी लावली, ताईंना मागच्या पंपाच्या खोलीतून आत घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताई पाण्यात उतरल्या आणि म्हणाल्या, "आले." तेव्हा बाई वळल्या.

तिथून ती पद्धतच पडली. वर्षभरात दुसरी आली, एक शिंपीण, तिच्या छातीची शस्त्रक्रिया झालेली. मग बेकरीत काम करणारी, तिला स्वतःच्या वजनाची लाज. मग वाचनालयातली, पायाला सांधा नसल्यासारखी चालणारी. कुणी कुणाला आणलं याचा पत्ता लागत नसे, पण हळूहळू अकराजणी झाल्या. दर गुरुवारी अकराजणी भिंतीकडे तोंड करून रांगेत उभ्या. एक जायची, पाण्यात उतरायची, आले म्हणायची. मग दुसरी. शेवटची उतरेपर्यंत कुणी वळायचं नाही, पाण्यात उतरलेल्यांनीसुद्धा. बाहेर येताना तेच उलटं. या सगळ्यात निम्मा तास जायचा, पण कुणाची कुरकूर नव्हती. भिंतीकडे बघत उभं असताना ज्या गप्पा चालायच्या त्यांना तोड नव्हती. समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माणूस मोकळं बोलतं. बेकरीवालीनं आपलं पहिलं प्रेमप्रकरण त्या भिंतीला सांगितलं. शिंपिणीनं नवरा गेल्याचं तिथंच सांगितलं. शिट्टीबाईही त्यांच्याबरोबर भिंतीकडे तोंड करून उभ्या असायच्या, आणि आठवड्यात तेवढा एकच तास त्या ओरडत नसत.

सफाई होत नसे असं नाही हं. तीन वाजता बायका गेल्या की बाई स्वतः लांब दांड्याचा ब्रश घेऊन तळ घासायच्या, जाळीनं केस नि पानं काढायच्या, नळीत औषधाचे थेंब टाकून रंगावरून पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या. खोटं लिहिलंय तर निदान काम तरी खरं व्हावं, एवढाच हेतू. आठवड्याला तळ घासला जाणारा असा तलाव पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

मोठे साहेब निवृत्त झाले, पुढे वारलेही. त्यांच्यानंतर तीन व्यवस्थापक येऊन गेले. नोंदवहीत सफाई होती, म्हणून सफाईच चालू राहिली. बावीस वर्षं.

मग एक दिवस बातमी आली. शेजारशेजारच्या तीन नगरपालिका, तिघींची तीन संकुलं, तिन्ही तोट्यात. तिघींनी मिळून एक समिती नेमली आणि ठरवलं की आता हे लोढणं आपल्या गळ्यात नको. तिन्ही संकुलं चालवायला एकाच कंपनीला द्यायची. एक तिकीट, एक गणवेश, एक वेळापत्रक. कर्मचाऱ्यांना कंपनी ठेवून घेईल. बायकांनी भिंतीकडे तोंड करूनच ही बातमी ऐकली आणि विचारलं, आपल्या तासाचं काय? बाई छाती पुढे काढून म्हणाल्या, मी आहे ना.

समितीची माणसं तपासणीला आली. त्यांनी तिन्ही तलाव पाहिले आणि आपल्या गावाच्या तलावाशी येऊन थबकलीच. तळ आरशासारखा. फटींत शेवाळाचा ठिपका नाही. नोंदवही उघडली तर बावीस वर्षांची साप्ताहिक सफाई, एकही गुरुवार चुकलेला नाही, अक्षर मोत्यासारखं. कंपनीचा माणूस तर हरखूनच गेला. त्यानं समितीला तिथल्या तिथं सुचवलं की ही पद्धत तिन्ही तलावांवर लागू करावी. गुरुवारी दोन ते तीन, सफाई. यंत्र आणू, तळ घासणारं, म्हणजे बाईंनाही वाकायला नको.

आपल्याच हातानं आपण काय लिहून ठेवलंय ते बाईंना तिथं उभ्या उभ्या कळलं.

रात्रभर तळमळून त्या दुसऱ्या दिवशी समितीच्या अधिकारी बाईंकडे गेल्या आणि सगळं खरं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली, या तयारीनं. या अधिकारी बाई वयानं लहान होत्या, पण माणूस बरं. त्यांनी ओरडा केला नाही. पूर्ण ऐकून घेतलं, एकदा हसू दाबलं, आणि मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. करारात एक परिशिष्ट होतं: आधीपासून चालू असलेले उपक्रम. त्यात जे नोंदलं जाईल ते कंपनीला पाच वर्षं बंद करता येणार नव्हतं. नोंदवहीत सफाई असली तरी प्रत्यक्ष येणाऱ्यांच्या सह्या असतील तर तास परिशिष्टात घालता येईल, त्या म्हणाल्या. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कागद द्या, शनिवारी करार होतोय.

बाई तरंगतच बाहेर आल्या. बसमध्ये त्यांनी कागद उघडून पाहिला. तीन रकाने होते. नाव. सही. आणि तिसरा: स्वतंत्र तास हवा असण्याचं कारण.

बाईंनी कागद घडी करून परत खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कागद खिशात घेऊन बाई भिंतीशी उभ्या होत्या. बायका एकेक करून उतरत होत्या. वाचनालयातलीनं काहीतरी सांगितलं आणि सगळ्या इतक्या हसल्या की शिंपिणीच्या नाकात पाणी गेलं. सगळ्यांत धाकटी, आठ महिन्यांपूर्वी आलेली, त्या दिवशी पहिल्यांदाच पाठीवर तरंगली. छताकडे बघत होती, तोंड अर्धं उघडं. बाई खिशातल्या कागदावर हात ठेवून बघत राहिल्या. या बायकांनी आता कारण लिहायचं? पाठ, छाती, वजन, पाय? तीन नगरपालिकांच्या कचेऱ्यांत तो कागद फिरणार, कंपनीच्या संगणकात चढणार, कुणीतरी कारकून चहा पिताना वाचणार. जे लपवायला म्हणून हा तास केला तेच कागदावर मांडायला आपण सांगायचं? तीन वाजले, बायका गेल्या. कागद खिशातच राहिला.

घरी नवऱ्यानं विचारलं, सह्या झाल्या का. बाई म्हणाल्या, त्यांची अब्रू माझ्या हातात आहे, मी नाही मागणार. नवरा काचांचा माणूस, त्याला बारीक दिसायचं. तो एवढंच म्हणाला की तू त्यांना विचारलंस तरी का. बाई त्याच्यावर फणकारल्या आणि उठून गेल्या. शुक्रवारचे पाच वाजले तेव्हा त्या मुलांच्या बॅचवर होत्या. घड्याळ त्यांनी पाहिलं. कायम चार मिनिटं पुढे असायचं ते, म्हणजे त्यांच्याकडे अजून चार मिनिटं होती, आणि तीही त्यांनी जाऊ दिली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी भिंतीकडे तोंड करून बायकांना सगळं सांगितलं. कागद, परिशिष्ट, तिसरा रकाना. करार झाला, पुढच्या महिन्यापासून या तासाला यंत्र फिरणार. मी तुमची नावं कुणापुढे येऊ दिली नाहीत, असंही म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी पाय हलल्याचा आवाज आला. टायपिस्टताई वळल्या होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मध्येच वळलं होतं.

"माझ्याकडे बघ," ताई म्हणाल्या.

बाई वळल्या. ताई आता सत्तरीला आलेल्या. खांद्यावरून पुढे आलेली ती ओढलेली कातडी बाईंना एवढ्या जवळून पहिल्यांदाच दिसत होती.

"आमच्या वतीनं लाजायला तुला कोणी सांगितलं होतं गं?"

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, कारणाचा रकाना होता, ताई, तुम्हाला तिथं लिहावं लागलं असतं. ताई म्हणाल्या, मग लिहिलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, चार शब्द स्वतःबद्दल लिहिले असते तर बोटं झडली नसती. एकेक करून सगळ्या वळल्या. शिंपीण म्हणाली की तिनं तर ऑपरेशनची तारीखसुद्धा टाकली असती. बेकरीवाली म्हणाली, माझं कारण तर लांबूनही दिसतं. धाकटी सगळ्यांत मागे होती, टॉवेल गळ्यापर्यंत ओढलेला. ती हळूच म्हणाली की तिनं लिहिलं असतं, मला हवा आहे म्हणून.

अकराजणींनी अकरा सह्या केल्या असत्या. बाईंनी नुसतं विचारायचं होतं.

त्याच दिवशी नोंदवहीच्या पाठच्या पानावर सगळ्यांनी नावं लिहिली आणि ओल्या केसांनीच बाई ते पान घेऊन धावत अधिकारी बाईंकडे गेल्या. अधिकारी बाईंनी पान वाचलं. खूप वेळ वाचलं. मग म्हणाल्या, करारावर तीन नगरपालिकांच्या सह्या झाल्यात, त्यातला स्वल्पविरामसुद्धा आता मला हलवता येत नाही. पाच वर्षांनी पुन्हा बघू. पाच वर्षांनी ताई पंच्याहत्तरीच्या असणार होत्या. बाईंनी पान घडी करून परत घेतलं.

मग कंपनी आली. नारिंगी टी-शर्ट आले. तारेच्या टोपल्या भंगारात गेल्या, कुलपाची कपाटं आली. घड्याळ नवं आलं, ते बरोबर चालतं. कंपनीनं वाईट केलं असं म्हणायला काही जागा नाही, सतराच्या सतरा फरश्या बदलल्या, पाणी थंडीत कोमट असतं. गुरुवारी दोनला ते यंत्र पाण्यात सोडतात आणि ते आपलं एकटंच तळाशी घरघरत फिरत असतं. बाईंना त्या वेळात काठावर खुर्ची टाकून बसायची मुभा आहे. पहिल्या दोन गुरुवारी त्या बसल्या आणि दोन्ही गुरुवारी रडल्या. तिसऱ्यापासून त्यांनी आपली सुट्टीच त्या तासाला घ्यायला सुरुवात केली.

महिना उलटला असेल. बुधवारी सकाळी सातची बॅच, सगळ्यांना खुली, तुडुंब गर्दी. कॉलेजातली पोरं, आया, व्यायामाला येणारे काका, सगळा गोंगाट. बाई शिट्टी तोंडात धरून उभ्या होत्या आणि बदलण्याच्या खोलीच्या दारात टायपिस्टताई दिसल्या. पोहण्याचा पोशाख, डोक्याला टोपी, हातात टॉवेलसुद्धा नाही.

वीस पावलं. ताई सावकाश चालल्या, गुडघे दुखायचे त्यांचे. लोकांनी पाहिलं. न पाहतील तर ती माणसं कसली. दोन पोरांनी एकमेकांना कोपरखळी मारली, तेव्हा बाईंनी अशी शिट्टी फुंकली की दोघं आपसूक पाण्याखाली गेली. एका लहान मुलीनं सरळ विचारलं, आजी, पाठीला काय झालं? भाजलं होतं गं, तुझ्याएवढी होते तेव्हा, ताई म्हणाल्या आणि शिडी धरून पाण्यात उतरल्या.

एक फेरी मारून त्या बाईंच्या पायाशी आल्या आणि काठ धरून दम खात राहिल्या. बाई उकिडव्या बसल्या.

"बाकीच्या?" त्यांनी विचारलं.

"शिंपीण येईन म्हणालीय. येईल, तिचं मी बघते. बेकरीवालीनं दारच उघडलं नाही." ताईंनी तोंडावरचं पाणी पुसलं. "धाकटी नाही येणार. तिचं नाव काढू नकोस. बाकीच्याही नाहीत."

बाईंना विचारायचं नव्हतं, पण त्या विचारून बसल्या. "मी तेव्हा तो कागद पुढे केला असता तर?"

टायपिस्टताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं नीट पाहिलं. रागानं नव्हे, पण सांत्वनाला काही खोटं बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"तर अकराजणी असतो," त्या म्हणाल्या.

आणि पायानं भिंत रेटून त्या पुन्हा निघाल्या. शिट्टीबाई उठून काठाकाठानं त्यांच्याबरोबर चालू लागल्या. पलीकडच्या टोकाला ताई वळल्या तेव्हा त्यांचा डावा पाय नेहमीसारखा खाली जात होता, आणि बाईंनी डोळे पुसून हातानं खूण केली की पाय वर, ताई, पाय वर.